उजनीचा हात घेऊन अंदमानात जाताय? या चुका टाळा

उजनीवर वर्षानुवर्षं गळ टाकलेला माणूस अंदमानात पहिल्याच दिवशी रॉड मोडतो. माझाही मोडला होता.

करमाळ्याच्या बाजूला कटला लागला की आपण काठी उभी धरतो, मासा दमेपर्यंत खेळवतो. अंदमानातला जीटी, म्हणजे जायंट ट्रेव्हली हा समुद्री मासा, तेवढी उसंत देत नाही. पॉपरवर, म्हणजे पाण्यावर उसळत ओढायच्या नकली आमिषावर, झडप घातली की तो थेट खालच्या प्रवाळाकडे सुटतो. दोरी खडकाला घासली की मासा गेला. त्या घाईत काठी उभी केली तर सगळा ताण टोकाकडच्या बारीक भागावर येतो आणि ती तिथेच तुटते. काठी 45 अंशांच्या वर नेऊ नका. बुड कमरेच्या पट्ट्यात टेकवा, जोर पायांतून येऊ द्या. ड्रॅग, म्हणजे दोरी किती ताणाला सुटेल हे ठरवणारा रीलचा ब्रेक, बोट निघायच्या आधीच, दोरी वजनकाट्याला बांधून लावा: 30 किलो ताण सोसणाऱ्या दोरीला 10 किलोच्या आसपास. हाताच्या अंदाजावर अजिबात विसंबू नका.

पाणी उसळलेलं दिसताच हिसका देऊ नका. वजन हाताला लागू द्या.

सुट्टी आहे म्हणून मे अखेरीचं बुकिंग करू नका. मान्सून आपल्या आधी तिथं पोचतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरात असतो, अष्टमीच्या भांगेला, म्हणजे लहान भरतीला, मंदावतो. तारीख ठरवण्याआधी गाइडशी यावर बोला. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्या, मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. लांबच्या बेटावर गळाचं दुकान नसतं, म्हणून गळ, स्प्लिट रिंग (गळ आमिषाला जोडणारी कडी), लीडर (आमिषाआधीची जाड दोरी) दुप्पट न्या. चेन्नईहून विमान पकडताना गळ केबिनच्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

सगळ्यात महाग चूक मात्र घरी आल्यावर होते. एका मित्रानं रील तसंच कपाटात ठेवलं. तीन आठवड्यांनी हँडल फिरवलं तर वाळू दळल्यासारखी करकर. लाइन रोलर, म्हणजे दोरी जिच्यावरून फिरते ती छोटी चकरी, उघडला, आत मिठाचा पांढरा थर आणि बेअरिंगला तांबूस गंज. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं हे खरं, पण रीलला तांब्याभर गोडं पाणी पुरतं. लॉजवर रोज संध्याकाळी आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा, ड्रॅग घट्ट करून वरून हलकी धार सोडा. बादलीत बुडवू नका, जोराचा फवाराही नको. त्यानं मीठ आत शिरतं. मग पुसून, ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा. सोलापूरच्या उन्हात गच्चीवर नाही.