गर्भपाताच्या गोळ्या घेतल्यात? मग पाळीची वाट बघत बसू नका, या चुका टाळा

गोळ्या घेऊन झाल्या, रक्तस्राव झाला, सुटलो बाई एकदाचे असं म्हणून बऱ्याच जणी मोकळ्या होतात आणि गर्भनिरोधकाचं काय ते पुढच्या पाळीनंतर बघू म्हणतात. घोळ होतो तो इथेच. पाळी नंतर येते, बीज आधी सुटतं. पाळी यायला ४ ते ६ आठवडे लागतात, पण स्त्रीबीज साधारण २-३ आठवड्यांत, काहींचं तर ८व्या दिवशीसुद्धा बाहेर पडू शकतं. म्हणजे मधल्या काळात काही न वापरता संबंध आले तर पाळी न येताच परत दिवस जातात आणि बाई मात्र गोळ्यांमुळे पाळी लांबली असेल म्हणत दोन-दोन महिने काढते.

गोळ्यांनंतर जे अंगावरून जातं त्यालाच पाळी धरून हिशोब करणाऱ्याही खूप आहेत. ती पाळी नव्हे. ते दहा-पंधरा दिवस चालतं, थोडं थोडं लागणं तर महिनाभरही राहू शकतं. त्यावरून सेफ दिवस वगैरे मोजायला जाऊ नका, त्या महिन्यात ते गणित चालतच नाही.

आता सगळ्यात जास्त गोंधळ घालणारी चूक. आठवड्याभरात घाईघाईने घरी प्रेग्नन्सी टेस्ट करायची, पट्टीवर दोन रेघा दिसल्या की घरात रडारड, आणि नवरा संध्याकाळी मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्यांचं दुसरं किट घेऊन हजर. थांबा! गर्भ पडून गेला तरी गरोदरपणाचं हार्मोन रक्तात-लघवीत रेंगाळतं, त्यामुळे टेस्ट ३-४ आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. स्वतःच्या मनाने दुसरं किट अजिबात घ्यायचं नाही. मात्र गोळ्या घेऊनही रक्तस्राव झालाच नाही किंवा नुसते डाग लागले, मळमळ आणि छातीचा जडपणा तसाच आहे, किंवा महिन्याने केलेली टेस्टही पॉझिटिव्ह आली, तर सरळ डॉक्टरकडे जा. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही आणि ते जिवावर बेतू शकतं. आणि गोळ्या फेल गेल्या तर आता राहूदेच बाळ असं परस्पर ठरवू नका, त्यातल्या मिसोप्रोस्टॉल या औषधामुळे बाळात व्यंग राहण्याचा धोका असतो, ते बोलूनच ठरवायचं.

मग गर्भनिरोधक कधी सुरू करायचं? शक्यतो गर्भपाताची पहिली गोळी घेतली त्याच दिवशी. माला-एन सारख्या रोजच्या गोळ्या त्याच दिवशी चालू करता येतात, उशिरा चालू केल्या तर पहिले ७ दिवस सोबत निरोध वापरा. माला-एनच्या पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात, या शेवटच्या ७ फुकटच्या आहेत म्हणून सोडतात आणि मग नवीन पाकीट वेळेवर चालू करायचं राहूनच जातं, त्यापेक्षा २८च्या २८ घ्या म्हणजे खंड पडत नाही. छायाची गोळी पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. रविवार-बुधवार असे वार ठरवून कॅलेंडरवर गोल करून ठेवा, कारण रोजची सवय नसल्याने हीच जास्त विसरली जाते. छायाने पाळी लांबते हेही आधीच माहीत असू द्या, नाहीतर परत तीच धास्ती. अंतराचं इंजेक्शन दर ३ महिन्यांनी घ्यायचं असतं, ते पहिल्या गोळीच्याच दिवशी घेतलं तर गर्भपाताच्या गोळ्या फेल जायची शक्यता थोडी वाढते, तेव्हा डॉक्टरांना विचारून दिवस ठरवा. तांबी मात्र पिशवी रिकामी झाल्याची खात्री झाल्यावरच बसवतात, ती एकदा बसली की ३८०ए वाली १० वर्षं बघायला नको. यातलं बरंचसं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आशाताईंना विचारलं तरी सांगतात.

संबंधांनंतर घ्यायची ७२ तासांवाली गोळी ही गर्भपाताची नाही आणि दर वेळी घ्यायचीही नाही, ती अडीअडचणीसाठी.

गर्भपाताच्या गोळ्यांनी पिशवी खराब होते, पुढे मूल होत नाही, असं शेजारपाजारच्या बायका छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. औषध काही दिवसांत शरीरातून निघून जातं आणि सगळं नीट पार पडलं तर पुढच्या गरोदरपणावर परिणाम होत नाही. नुकसान होतं ते इन्फेक्शन अंगावर काढल्याने, त्याने नळ्या बंद होऊ शकतात. म्हणून ताप एक दिवसापेक्षा जास्त टिकला, घाण वासाचा स्राव आला, पोटात असह्य दुखलं, किंवा लागोपाठ दोन तास तासाला दोन-दोन पॅड पूर्ण भिजले तर सकाळ व्हायची वाट बघू नका, १०८ला फोन करा. मेडिकलमधून गुपचूप गोळ्या आणल्या होत्या म्हणून डॉक्टरकडे जायची भीती वाटते, माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती हीच भीती. १९७१च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली झालेल्या बदलानुसार डॉक्टरला तुमचं नाव गुप्त ठेवावंच लागतं, आणि मूळ कायद्यानुसारच १८ पूर्ण असतील तर नवऱ्याची सही लागत नाही. ९ आठवड्यांपर्यंत गोळ्या कायदेशीरच मिळतात, फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर.

आणि ज्यांना लवकरच मूल हवंय त्यांनी अंतरा निवडताना दोनदा विचार करा, शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण ७ ते १० महिने जातात. गोळ्या, निरोध, तांबी यांचं तसं नाही, बंद केलं किंवा काढली की लगेच प्रयत्न करता येतात, फक्त फॉलिक ॲसिड आधीपासून चालू करा.