थंडीत आणि एसीत केस राठ होतात? घरच्या घरी हे करा

ठाण्याची हवा दमट, हे खरंच. पण डिसेंबर ते फेब्रुवारीत जमिनीवरून येणारा कोरडा वारा सुटला की ओठ फुटतात आणि केस राठ होतात. बाकीचे महिने ऐरोली-महापेच्या ऑफिसांतला एसी तेच काम करतो. एसीच्या नळीतून बाहेर ठिबकणारं पाणी म्हणजे आतल्या हवेतून काढून घेतलेला ओलावा. अशा हवेत आठ-नऊ तास बसल्यावर केसांकडून काय अपेक्षा ठेवायची?

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. तेल केसांना ओलावा देत नाही, असलेला टिकवतं. ओलावा पाण्याचाच. त्यामुळे खरी काळजी घ्यायची ती नहाण्याच्या आगेमागे.

सुरुवात पाण्यापासून. पालिकेचं पाणी धरणाचं, सहसा मऊ असतं. घोडबंदर रोडच्या काही सोसायट्यांत मात्र टँकर येतात किंवा बोअरिंगचं पाणी मिसळलं जातं, आणि ते जड असू शकतं. पारदर्शक बाटली अर्धी भरा, अंगाच्या साबणाचा थोडा चुरा टाकून जोरात हलवा. भरपूर फेस आला आणि खाली पाणी नितळ राहिलं तर चिंता नाही. फेस नावापुरता, पाणी दुधाळ आणि वर चिकट साय दिसली, तर पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आहेत. तेच केसांवर बसतात. अशा वेळी शेवटचे दोन तांबे आरओच्या पाण्याचे घ्या, निदान लांब केसांसाठी तरी.

नहाण्याच्या तासभर आधी खोबरेल लावा. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसांतल्या प्रथिनांची झीज लक्षणीय कमी केली ती फक्त खोबरेलाने. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. थंडीत बाटलीत तेल गोठलं तर वाटीत काढून कोमट पाण्यात ठेवा, थेट गॅसवर नको. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चमचे पुरतात, आणि त्यातलं निम्मं टोकांना. टोकं सगळ्यात जुनी, म्हणून आधी तीच दुभंगतात. कोंडा असेल तर टाळूवर तेल थापू नका. कोंड्याशी निगडित बुरशी तेलावरच पोसते.

आता धुणं. आठवड्यातून दोनदा पुरे. मूठभर शिकेकाईच्या शेंगा, थोडा सुका आवळा आणि दोनच रिठे (बिया काढून) रात्री लिटरभर पाण्यात भिजत घाला. जांभळी नाक्याच्या बाजारात हे सगळं सुटं मिळतं. सकाळी दहा मिनिटं उकळा, गार झाल्यावर कुस्करून पातळ फडक्यातून गाळा. रिठा वाढवण्याचा मोह टाळा. तो फेस छान देतो, पण केस आणखी कोरडे करतो. तयार पूड थेट डोक्यावर चोळू नका, कण केसांत अडकतात. डोळे घट्ट मिटा, भयंकर चुरचुरतं.

माझ्या मते या सगळ्यात खरी जादू जास्वंदीच्या पानांची, आणि ती फुकट मिळते. सोसायटीच्या कुंपणाला लाल गावठी जास्वंद असतेच. माळीकाकांना विचारून पंधरा-वीस पानं घ्या. फवारणी झालेली नसावी. पानं धुऊन वाटीभर पाण्यात हातानेच चुरगळा. दोन-तीन मिनिटांत पाणी हिरवं आणि बुळबुळीत होतं, बोटांतून तार सुटते. मिक्सरला लावू नका, चोथा गाळता गाळता जीव जातो. गाळलेला हा चीक धुतलेल्या ओल्या केसांना लावा, मोठ्या दातांच्या फणीने खालून वर गुंता सोडवा, वीस मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा. जास्वंद नसेल तर रात्री भिजवलेल्या मेथीचं चिकट पाणी चालतं.

लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा यांपासून मात्र लांब राहा, राठ केस आणखी राठ होतात. नुसती मेंदीही कोरडेपणा वाढवते.

शेवटी जुन्या सुती टी-शर्टने केस टिपा, खसाखसा पुसू नका. दमट असतानाच खोबरेलाचे दोन-तीन थेंब तळव्यांवर पसरून टोकांवरून हात फिरवा. सकाळच्या लोकलमध्ये दारात उभं राहावं लागत असेल, तर वेणी घाला किंवा ओढणी बांधा. त्या वाऱ्यात मोकळे केस पार गुंततात.

फरक दिसायला दीड-दोन महिने द्या. केस महिन्याला सेंटिमीटरभरच वाढतात आणि दुभंगलेलं टोक कशानेही जुळत नाही, ते कापावंच लागतं. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं सामान्य आहे. पण चाई पडली, टाळू लाल होऊन खाजू लागली किंवा पुंजकेच्या पुंजके हातात येऊ लागले, तर घरचे उपाय थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.