खुर्चीत बसून नोकरी करणाऱ्यांनी कॅलरीचा आकडा कसा ठरवावा

माझं वय ४१, उंची १५८ सेंटिमीटर आणि तेव्हाचं वजन ७१ किलो. ठाण्यात अकाउंट्सचं काम, म्हणजे साडेआठ तास खुर्ची. डोंबिवलीहून जाता-येता लोकलमध्ये उभी असते खरी, पण तो व्यायाम नव्हे, नुसता त्रास.

भाचीचं लग्न दोन महिन्यांवर होतं आणि मला आठ किलो उतरवायचे होते. मोबाइलवरच्या ॲपने १२०० कॅलरीचा आकडा दिला. नऊ दिवस पाळला. दहाव्या रात्री साडेअकराला फ्रिजसमोर उभी राहून श्रीखंडाचा डबा चमच्याने संपवला. मग वही घेऊन बसले, आणि जो हिशोब दुसऱ्यांच्या पैशांचा रोज करते तो एकदाचा स्वतःचा केला.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. आठ किलोंच्या झाल्या ६१,६००. साठ दिवसांत भागल्या तर रोज हजाराहून जास्त कमी खायचं. माझं रोजचं खाणंच मुळात साडेसतराशेच्या आसपास, मग ताटात उरणार काय? म्हणून आधी तारीख विसरा. लग्नाचं ब्लाउज सरळ उसवून घ्या, मी तेच केलं.

आता तुमचा आकडा. वजन किलोत घेऊन १० ने गुणा, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ६.२५ ने गुणा आणि दोन्हींची बेरीज करा. त्यातून वयाची पाचपट वजा करा. बाई असाल तर आणखी १६१ वजा, पुरुष असाल तर ५ मिळवा. हे मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं १९९० सालचं सूत्र आहे. दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी शरीर किती जाळेल याचा तो अंदाज. माझे आले १३३१. दिवस खुर्चीतच जात असेल तर याला १.२ ने गुणायचं. स्टेशनपर्यंतची पायपीट धरून मी १.३ घेतले, उत्तर आलं १७३०. इथे बहुतेकजण स्वतःला लबाडीने ‘मध्यम सक्रिय’ लिहितात. रविवारी एकदा तळ्याला चक्कर मारणं म्हणजे मध्यम सक्रिय नव्हे.

सूत्रावर विसंबू नका, दोन आठवडे जे खाता तेच खा आणि लिहा. माझी पहिली बेरीज खूपच कमी आली आणि मी खूश झाले. पण तेवढ्यावर वजन स्थिर कसं? तेल लिहिलंच नव्हतं! चार चहा, आमटीची चव, मुलाच्या ताटातला उरलेला भात, सगळं बाहेर. ते धरल्यावर १७५० झाले, सूत्राच्या अगदी शेजारी.

तेल चमच्याने मोजायला जाऊ नका, कुणालाच जमत नाही. महिन्याच्या वाणसामानाची यादी काढा. आमच्या चौघांत चार लिटर तेल संपायचं. लिटरमध्ये साधारण ८,२०० कॅलरी, म्हणजे माणशी रोज २७० तेलातच. पोळीचंही तसंच: अर्ध्या किलो कणकेच्या माझ्या १८ पोळ्या होतात, एकीत ९५ आणि घडीचं तेल धरून ११५. नेटवर ‘एक पोळी ७०’ लिहिलेलं असतं, ती कुणाची पोळी देव जाणे. आणि उपासाला कमी खाल्लं असं समजू नका. साबुदाणा ७५ ग्रॅम, दाण्याचं कूट, तूप, बटाटा असं मोजलं तेव्हा खिचडीची एक बशी ५३० ची निघाली. संकष्टी हा माझ्या वहीतला सगळ्यात जड दिवस होता.

आता स्थिर आकड्यातून फक्त अडीचशे काढा. माझं ध्येय झालं १५००. कागदावर महिन्याला किलोभर, प्रत्यक्षात त्याहून थोडं कमी. हे अडीचशे जिथून गेलेले कळणार नाहीत तिथून काढायचे. तेल चारवरून अडीच लिटरवर आणलं, शंभर गेले. चार चहांत दोन-दोन चमचे साखर होती ती एकेक केली, ८० गेले. रात्रीची तिसरी पोळी गेली, तिचे ११५. बेरीज २९५, पण अडीचशेच धरा. ऑफिसात कुणी ना कुणी पेढे आणतंच.

दिवसाची वाटणी सारखी करू नका. माझी अशी: नाश्ता ३००, डबा ४५०, रात्री ४५०, चव बघायला ५०, आणि दुपारी चारसाठी २५० राखलेले. खुर्चीतल्या माणसाचा घात चारलाच होतो. एक्सेलची ओळ दिसेनाशी होते आणि खालून समोशाचा वास येतो. त्या वेळेला ड्रॉवरमध्ये फुटाणे आणि एक केळं असलंच पाहिजे. शेंगदाणे नकोत, मूठ कधी दुसरी होते कळत नाही.

चाला, पण मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेल्या कॅलरी परत खाऊ नका. माझ्या वजनाला तीन किलोमीटर म्हणजे जेमतेम दीडशे, आणि एक वडापाव तीनशेच्या घरात.

वजन सकाळी चहाच्या आधी करा आणि आठवड्याची सरासरी लिहा. पाळीच्या दिवसांत माझा काटा किलोभर वर जातो, ते पाणी असतं. चार आठवडे सरासरी हललीच नाही तर आधी वही तपासा, मग आकड्यातून शंभर कमी करा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, दिवस गेलेले असतील, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आठ महिन्यांत माझे सहा किलो गेले. त्यात दिवाळीचे दोन आठवडे मी मुद्दाम १७५० वर होते. माझा बेसनाचा लाडू ४० ग्रॅमचा, दोनशेच्या आसपास. रोज एक खाल्ला आणि वहीत लिहिलाही.