क्लार्साख घेऊन परदेशी जाताना

स्कॉटलंडच्या पारंपरिक हार्पला गेलिक भाषेत क्लार्साख म्हणतात. शेवटचा ‘ख’ घशातून घासत येतो. परदेशात पोस्टरवर ‘केल्टिक हार्प’ एवढंच छापलं, तर लोक ध्यानधारणेचं संगीत ऐकायला येतात आणि आयरिश-स्कॉटिश हा फरकही पुसला जातो. म्हणून नाव, उच्चार आणि चार ओळींचा परिचय आयोजकाला आधीच पाठवा.

त्या चार ओळी खऱ्या असू द्या. एडिनबरा इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात क्वीन मेरी आणि लॅमाँट ही दोन मध्ययुगीन वाद्यं आहेत. तशा वाद्यांच्या धातूच्या तारा नखांनी छेडत. आजच्या बहुतेक क्लार्साखला नायलॉनच्या किंवा आतड्याच्या तारा असतात आणि ती बोटांच्या टोकांनी वाजते. ‘हजार वर्षांची अखंड परंपरा’ असं सांगू नका. अठराव्या शतकात ती तुटली, नंतर नव्याने उभी राहिली. 1931 साली क्लार्साख सोसायटी स्थापन झाली ती याच कामासाठी. तुटून पुन्हा जुळल्याची ही हकीकत श्रोत्यांना जास्त भिडते.

मैफलीला साधारण 34 तारांचं वाद्य नेतात. विमानात ते कडक पेटीतच द्या. तारा पूर्ण सैल करू नका, तबलीवरचा (तारा जिला जोडलेल्या असतात त्या लाकडी फळीवरचा) ताण एकदम गेलेला वाद्याला सोसत नाही. अर्धा-एक सूर उतरवणं पुरे. पोचल्यावर वाद्याला खोलीच्या हवेत काही तास बसू द्या, मगच लावा. दमट हवेत आतड्याच्या तारा पटकन तुटतात, कोरड्या हवेत तबलीला चीर जाते. नवी तार कित्येक दिवस ताणली जाऊन उतरत राहते. म्हणून शंका येणारी तार प्रवासाच्या आठवडाभर आधी बदला. जाडी तीच ठेवा, नाहीतर लिव्हर (तारेचा सूर अर्ध्या सुराने चढवणारी वरची छोटी खुंटी) लावल्यावर सूर बरोबर येत नाही.

सगळे लिव्हर खाली असताना वाद्य ई फ्लॅट मेजर या पाश्चात्त्य पट्टीत लावलेलं असतं. लाल तारा सी, निळ्या किंवा काळ्या एफ. प्रत्येक सप्तकातले ई, ए आणि बी यांचे लिव्हर उचलले की सी मेजर, त्यात एफचे उचलले की जी मेजर. मंचावर हमखास होणारी चूक म्हणजे वरच्या सप्तकातला एखादा एफ खालीच राहतो. एकाच पट्टीतल्या दोन-तीन धुनी सलग ठेवा, म्हणजे मध्येच लिव्हर शोधावे लागत नाहीत.

आमच्या मते मैफलीपेक्षा कार्यशाळेचा ठसा जास्त टिकतो. आठ जण, दीड तास, 16 मात्राखंडांची एकच धून, आणि नोटेशन शेवटी. आधी गाऊन घ्या, मग तारांवर. स्ट्रॅथस्पे ही स्कॉटिश नाचाची धून शिकवताना आखूड-लांब असा तो झटका टाळ्यांनी पक्का करा. नोटेशनवरून शिकणारे तो हटकून सपाट करतात. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांसमोर पंचस्वरी धून निवडा. सा रे ग प ध हे भूपाचे सूर कानाला लगेच ओळखीचे वाटतात. पण हा भूप नाही, हे तिथेच सांगा: इथे रागाची चाल नसते, नाचाची असते. मग तीच धून पायाने ठेका धरत पुन्हा वाजवा.