कोकणातून ड्रॅग रेसला निघताय? या चुका टाळा

ड्रॅग रेस म्हणजे उभ्या गाडीतून सुटून सरळ पट्टीवर ठरावीक अंतर कमीत कमी वेळात कापायचं. मावसभावाच्या मस्टँगचा पहिला रन १४.२ सेकंदांत झाला. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, जवळपास ४०० हॉर्सपॉवर, आणि टाइम स्लिप (रनच्या वेळा छापलेली चिठ्ठी) हातात आल्यावर भावाचा चेहरा पडला. मी स्लिपवरचा दुसरा आकडा बघत होतो. पहिले ६० फूट, २.६ सेकंद. शेवटचा वेग मात्र ताशी १७० किलोमीटरच्या वर. म्हणजे इंजिन ठणठणीत होतं, गाडी सुटतानाच मार खात होती. संध्याकाळपर्यंत त्याच गाडीने, त्याच्याच हातात १३.५ दिले. मधल्या वेळात एकही पार्ट बदलला नव्हता.

स्लिप वाचायची ती अशी. शेवटचा वेग इंजिनाची ताकद सांगतो, एकूण वेळ तुमचा लाँच, म्हणजे गाडी जागेवरून कशी सोडली, ते सांगते. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. पहिल्या ६० फुटांत सेकंदाचा एक दशांश वाचवला, तर शेवटी दीड-दोन दशांश वाचतात, कारण सुरुवातीला मिळालेला वेग पुढच्या सगळ्या अंतरात सोबत राहतो. कुडाळचे आमचे मिस्त्री हेच एका वाक्यात सांगतात, "गाडी टायरांर पळता रे, इंजिनार नाय."

पावसाळाभर उभी गाडी थेट रेसला नेणं

आपल्याकडची ही सगळ्यात मोठी चूक. जूनमध्ये गाडी कव्हरखाली जाते, दिवाळीला बाहेर निघते आणि लगेच फॉर्म भरला जातो. चार महिने खाऱ्या, दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीत काय काय झालंय, ते आधी बघा.

सुरुवात ब्रेक ऑइलपासून करा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी मानकातली किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. १७० च्या वेगातून गाडी थांबवताना कॅलिपर तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. सीझनच्या आधी ऑइल बदला. खर्च फार नाही, आणि ही गोष्ट मी कुणाला कधीच टाळू देत नाही.

मग टायर. कडेला चार आकडे असतात. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं आणि लाँचला ते नुसतं फिरतं. बॉनेट उघडून वायरिंगवरून हात फिरवा, पावसात उंदीर तिथेच आसरा घेतात. एअर फिल्टरमध्ये तांबडी धूळ बसलेली असेल, ती झटका किंवा फिल्टरच बदला. गंजलेले व्हील नट साफ करून टॉर्क रेंचने आवळा, पान्यावर पाय देऊन नको.

आदल्या दिवशी किनाऱ्यावर फोटो

दोन वर्षांपूर्वी आम्ही हे केलं आणि मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग गेलं असं वाटलं. चाक काढून रिमच्या आतल्या बाजूला हात घातला, तर ओल्या वाळूचा बोटभर जाड थर एका बाजूला चिकटून वाळला होता. नखाने खरवडला तर ढेपाच पडल्या. तेवढ्या वजनाने चाक डगमगत होतं. शिवाय वाळू डिस्क आणि पॅडच्या मध्ये गेली की डिस्कवर चरे पडतात ते वेगळंच. किनारा गाड्यांसाठी नाही, रेसच्या आदल्या दिवशी तर नाहीच.

हायवेवर 'टेस्टिंग'

रुंद झालेला मुंबई-गोवा हायवे पहाटे मोकळा दिसतो आणि मोह होतो. करू नका. वळणाआडून गुरं येतात, माणसं येतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परत सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद, १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन'सारखे कार्यक्रम होतात, तिथे जा. मात्र विम्याचे कागद आधी नीट वाचा. नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणजे तिथे झालेलं नुकसान तुमच्याच खिशातून.

लायनीत उभं असताना

एसी चालू ठेवून रांगेत उभे राहता? आपल्या दमट हवेची सवय झालेल्या माणसाचा हात आपोआप त्या बटणाकडे जातो. पण एसीचं पाणी गाडीखाली ठिबकतं, आणि ते नेमकं तुमच्या मागच्या चाकांच्या वाटेत पडतं. रांगेत शिरण्याआधीच एसी बंद करा. जिथे बर्नआउटसाठी (चाकं जागेवर फिरवून टायर तापवायला) पाणी मारलेलं असतं, तिथे साध्या टायरच्या गाडीने ओला भाग टाळून बाजूने जावं. नक्षीतलं पाणी थेट स्टार्ट लाइनपर्यंत सोबत येतं.

मागच्या चाकांवर जोर असलेल्या गाडीत मागची हवा थोडी कमी करून पकड वाढते. आम्ही ३२ पीएसआयवरून २६ वर आणली, तीही दोन-दोनने, प्रत्येक रननंतर मोजून. रन झाल्यावर टायर तापतो आणि हवेचा आकडा वर चढतो, म्हणून स्वतःचा गेज जवळ हवाच. पुढची हवा कमी करू नका. मागचीही साध्या टायरमध्ये फार उतरवू नका, कारण वेगात टायरची भिंत दुमडायला लागते.

डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती असेल तर ती घरच्या देव्हाऱ्यात ठेवून निघा. नुसती चिकटवलेली वस्तू जोराच्या ब्रेकला सुटते. बाटल्या, चार्जर सगळं बाहेर. चप्पल घालून गाडीत बसू नका, पातळ तळाचे बूट घाला.

लाँच

पहिल्या रनलाच ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं नुसती फिरू न देणारी यंत्रणा) पूर्ण बंद करणं ही हौस महागात पडते. आधी चालू ठेवून एक रन काढा, पट्टीची पकड समजू द्या. भावाचा २.६ कशामुळे आला? हिरवा दिवा दिसताक्षणी पाय तळाला. चाकं जागच्या जागी फिरली, धूर झाला, गाडी हलली नाही. नंतर त्याने अर्धा पाय देऊन गाडी सोडली, पकड बसल्याचं सीटमध्ये जाणवलं तेव्हा पूर्ण दाबला, आणि हवा कमी केल्याची जोड मिळाली. ६० फूट २.१५ वर आले.

ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबून रेस धरायची ती दोन-तीन सेकंदच. जास्त धरली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागातलं) ऑइल तापतं. गाडीची मागची बाजू सरकली तर पाय काढा, ब्रेक मारू नका, रन सोडून द्या.

'झाडाचे', म्हणजे सुटायचा इशारा देणाऱ्या खांबाचे, दिवे बघून नवखा माणूस गोंधळतो. पिवळे तीन दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागणार असतील, तर हिरव्याची वाट बघू नका, शेवटच्या पिवळ्यावर सुटा. तुमचा पाय आणि गाडी हलेपर्यंत हिरवा लागलेला असतो. घाई झाली तर लाल लागतो. आणि एक लक्षात असू द्या, वेळ गाडी स्टार्ट लाइनवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यावर सुरू होते. उशिरा सुटलात तर समोरचा जिंकेल, पण तुमच्या स्लिपवरची एकूण वेळ बिघडत नाही.

तापलेल्या गाडीला सलग रन

टर्बोच्या गाडीत हे लगेच कळतं. तिसऱ्या रनला शेवटचा वेग पडला, तर इंटरकूलर (टर्बोकडून येणारी हवा थंड करणारा भाग) तापलाय. बॉनेट उघडून अर्धा तास द्या. इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं सावकाश चालू द्या. ब्रेक तापलेले असताना हँडब्रेक ओढू नका, चाकाला दगड लावा. टर्बो गाडीला कुठलं ऑक्टेन लागतं ते पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलेलं असतं. इंडियन ऑइलने २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, पण ते मोजक्या शहरांत मिळतं, तेव्हा पुण्यात भरायचं ठरवूनच टाकी थोडी रिकामी न्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. हवा, वेळ, उन्हं किती होती, सगळं.

निघताना मागची हवा परत ३२ करा, नट पुन्हा आवळा, आणि पेडल दोन-तीनदा दाबून बघा. स्पंजासारखं लागलं तर त्या रात्री फोंडा घाट उतरू नका. गाडी कोल्हापुरात ठेवा, ऑइल बदलून घ्या आणि सकाळी उतरा.