अमेरिकेत टिप किती आणि कशी द्यायची

आपल्याकडे बिलासोबत बडीशेप येते, त्या वाटीत दहा-वीस रुपये ठेवून आपण उठतो, पण अमेरिकेत तसं चालत नाही, कारण तिथल्या वेटरचं घर खरंच टिपवर चालतं. फेडरल म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या कायद्याप्रमाणे टिप मिळणाऱ्या माणसाला मालकाने तासाला फक्त 2.13 डॉलर दिले तरी चालतात, हा आकडा 1991 पासून तसाच आहे (टिप धरून तासाचे 7.25 डॉलर, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान पगार, होत नसतील तर वरचे मालकाने भरायचे). कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मालकाला पूर्ण किमान पगार द्यावाच लागतो, पण टिप तिथेही द्यायचीच.

बसून जेवलात तर टॅक्सच्या आधीच्या रकमेवर 15 ते 20 टक्के. न्यूयॉर्क सिटीत सोपं आहे, टॅक्स 8.875 टक्के आहे, तो दुप्पट करा झालं. म्हणजे 80 डॉलरचं जेवण, टॅक्स 7.10, टिप साधारण 14-15.

आता कार्डचं. बऱ्याच ठिकाणी वेटर कार्ड घेऊन आत जातो, ओटीपी नाही पिन नाही, आपली माणसं घाबरतातच, माझे बाबा तर उठून त्याच्या मागे निघाले होते! घाबरू नका, तो कार्ड आणि दोन स्लिपा आणून देतो, एका स्लिपवर टिपची ओळ रिकामी असते, तिथे आकडा लिहा, खाली टोटल स्वतः करून लिहा, सही करा आणि ती स्लिप टेबलावरच ठेवा, दुसरी तुमची. त्याआधी बिल नीट वाचा हं, सहा-आठ जणांचा ग्रुप असला की ग्रॅच्युइटी (म्हणजे टिपच) बऱ्याचदा आधीच लावलेली असते, मग परत द्यायची गरज नाही. काउंटरवर नुसती कॉफी घेतली आणि स्क्रीनवर 18, 20, 25 टक्के आलं तर नो टिप दाबा, बिनधास्त.

हॉटेलात सामान उचलणाऱ्याला बॅगेमागे 1-2 डॉलर. खोली साफ करणाऱ्या ताईंना मात्र लोक हमखास विसरतात, कारण त्या दिसतच नाहीत. रोजचे 2 ते 5 डॉलर ठेवा आणि रोज सकाळीच ठेवा, शेवटच्या दिवशी एकदम नको, कारण रोज तीच बाई येईल असं नाही. नुसते पैसे ठेवले तर तुमचे समजून त्या हात लावत नाहीत, म्हणून उशीजवळ ठेवून वर हॉटेलच्याच पॅडवर ‘हाउसकीपिंग, थँक यू’ लिहा. पोचल्या पोचल्या रिसेप्शनवर 20 ची नोट देऊन एक-एकच्या नोटा मागून घ्या, देतात.