आधी बुंध्याशी बसा: परसातल्या झाडांची दुखणी आणि त्यांवरचे उपाय

दापोलीपासून थोडं आत माझी लहानशी रोपवाटिका आहे. 27 वर्षं आंब्याची कलमं बांधतोय. रोपं विकण्याइतकाच वेळ लोकांच्या परसातली झाडं बघण्यात जातो. पाऊस ओसरला की फोन सुरू होतात. "भाऊ, आंबा शेंड्याकडून सुकत चाललाय, कुठलं औषध मारू?" औषधाचं नाव मी लगेच सांगत नाही. आधी म्हणतो, झाडाच्या बुंध्याशी जाऊन खाली बसा आणि काय दिसतं ते मला सांगा. दुखणं शेंड्याला दिसतं, पण घराजवळच्या झाडांत ते बहुतेक वेळा मुळाशी नाहीतर खोडात असतं. फवारणीची बाटली तिथे पोचत नाही.

बसल्यावर पहिलं बघायचं ते खोडाचं पाऊल. झाड जमिनीतून वर येतं तिथे खोड रुंदावलेलं, मुळांच्या दिशेने पसरलेलं दिसलं पाहिजे. ते खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं दिसत असेल, तर तिथे कधीतरी भराव पडलाय. घर बांधताना पायाची माती झाडाखाली ओततात, अंगण उंच करतात, कोबा घालतात. मुळांना हवा लागते हे कुणाच्या लक्षात येत नाही.

गेल्या वर्षी एका काकींकडे गेलो होतो. 20 वर्षांचं हापूसचं कलम, घराच्या समोरच. मुलाने मुंबईहून येऊन गणपतीआधी सगळं खळं पेव्हर ब्लॉकने करून घेतलेलं, अगदी खोडाला टेकून सिमेंट. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत एका अंगाच्या फांद्या वठल्या. काकी म्हणाल्या, "अरे, पाणी तर मी रोज घालते रे, भांड्यांचं सगळं पाणी त्यालाच." ते साबणाचं पाणी रोज खोडावरच पडत होतं. साल तिथे मऊ पडून काळी झालेली, नखाने उचकटली तर आंबूस वास आला. आम्ही खोडाभोवतीचे ब्लॉक चारही बाजूंनी चार-चार फूट काढले, वीतभर भराव हाताने उपसला, पहार अजिबात लावली नाही. कुजलेली साल चाकूने खरवडून निरोगी भाग लागेपर्यंत साफ केली आणि बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावली (कृती पुढे सांगतो). मोरीचं पाणी अळवाकडे वळवलं. वठलेल्या फांद्या परत येत नाहीत, त्या काढाव्याच लागल्या. पण बाकीच्या झाडाने यंदा पालवी धरली.

पाण्याचंही तसंच. मोठ्या झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं खोडाजवळ नसतात, फांद्यांचा घेर जिथे संपतो त्या भागात असतात. दुपारी 12 वाजता झाडाची सावली जिथवर पडते ती कड धरा आणि तिथे वर्तुळाकार चर काढा. पाणी, शेणखत, काय द्यायचं ते तिथे. 10 वर्षांपुढच्या आंब्याला पावसाच्या सुरुवातीला 50 किलो शेणखत, म्हणजे चांगली पाच-सहा घमेली लागतात. मूठभर खत खोडाशी टाकून काही होत नाही. रोज तांब्याभर पाणी देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा माती खोलवर भिजेल असं द्या. आणि हापूस मोठा असेल तर पाऊस संपल्यावर त्याला पाणी देऊच नका. थंडीआधी त्याला ताण बसायला हवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मायेने पाणी घातलंत तर मोहोराऐवजी पालवी येते, मग फेब्रुवारीत फोन येतो, "झाड हिरवंगार आहे, पण मोहोरच नाही." हापूसला एक वर्षाआड फळ धरायची सवयही आहे. एक वर्ष रिकामं गेलं म्हणून झाडावर कुऱ्हाड उगारू नका.

कलम लावलं आणि फळ रायवळ, म्हणजे साधं गावठी, निघालं, ही तक्रार घेऊन लोक माझ्याशी भांडायला येतात. अशा वेळी मी त्यांच्या परसात जाऊन सांधा शोधतो, म्हणजे खालच्या रायवळ खुंटावर हापूसची फांदी जोडलेली जागा. बऱ्याचदा वरची हापूसची फांदी केव्हाच मेलेली असते आणि सांध्याखालून फुटलेला खुंटाचा धुमारा झाड म्हणून वाढलेला असतो. पहिली तीन-चार वर्षं सांध्याखाली जे जे फुटेल ते कोवळं असतानाच बोटाने मोडा. सांधा मातीच्या वर ठेवा. कलमावरची प्लॅस्टिकची पट्टी राहिली असेल तर सोडा. ती खोडात रुतून झाड तिथेच आवळलेलं मी कितीदा पाहिलंय. कपडे वाळत घालायच्या तारेनेही हेच होतं.

आता भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी. कोकणात घरामागच्या जुन्या आंब्याचा हा सगळ्यात मोठा वैरी, आणि सापडला तर हाताने मारता येणारा. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसतो, सुताराच्या रंध्याखाली पडतो तसा, चोथ्यासारखा ओला. वर नजर नेली की सालीवर कुठेतरी डिंकासारखा चीक वाहिलेला आणि एक भोक. लांब मिशांचा करडा भुंगेरा सालीच्या फटीत अंडी घालतो. अळी आधी सालीखाली आणि मग लाकडात पोखरत जाते. ती आतून अन्नाचा रस्ता तोडते, म्हणून वरची फांदी सुकते आणि आपण वरच औषध मारत बसतो.

काम असं करायचं. पटाशीने भोकाभोवतीची मेलेली साल काढा, बोगदा कुठल्या दिशेला गेलाय ते दिसेल. सायकलच्या आरीसारखी लवचीक तार घ्या, टोकाला बारीक आकडी करा. तार हळूहळू आत सारत जायची. कडक लाकूड लागलं तर तार थांबते, अळी लागली तर तार रुतल्यासारखी वाटते. मग गोल फिरवून बाहेर ओढायची. आकडीला ओला पिवळट चिकटा आला म्हणजे अळी मेली. पूर्ण बाहेर आली तर बोटाएवढी जाड, पांढुरकी, तपकिरी डोक्याची दिसते. पहिल्यांदा काढणाऱ्याला किळस येते, पण एका अळीमागे एक फांदी वाचते. खोल गेली असेल आणि तार पोचत नसेल, तर कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये बुडवून भोकात सारा आणि चिखलाने भोक गच्च लिंपा. जवळ विडी-काडी नको. आठ दिवसांनी परत बघा. ताजा भुसा पडला असेल तर अळी जिवंत आहे, पुन्हा करा. पावसानंतर दर महिन्याला एक फेरी मारलीत की भिरूड हाताबाहेर जात नाही.

बोर्डो पेस्ट घरी होते. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), 100 ग्रॅम कळीचा चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटरमध्ये विरघळवा. चुना थोडा थोडा टाका, तो उसळतो. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. लोखंडाचं भांडं नको. तयार झाल्यावर स्वच्छ घासलेलं कोयतीचं पातं त्यात मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. थर चढला नाही तर वापरायला हरकत नाही. करायची आणि त्याच दिवशी संपवायची. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या कामांत घर शाकारता तेव्हाच जमिनीपासून तीन फुटांपर्यंत खोडाला ब्रशने लावा, पाऊस गेल्यावर पुन्हा एकदा. नुसता चुना आणि गेरू दिसायला छान दिसतो, पण बुरशीवर खरं काम मोरचूद करतं.

माडाकडे वळू. नवीन झावळी उघडली आणि तिची पाती कात्रीने तिरकी कापल्यासारखी, पंख्यासारखी दिसली, तर तो गेंड्या भुंगा. त्याचं घर बहुतेक तुमच्याच शेणखताच्या खड्ड्यात असतं. खड्डा उकरा, पांढऱ्या, वाकड्या, जाड अळ्या सापडतील. त्या कोंबड्यांना घाला. माडावर शेंड्याजवळच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समसमान मिसळून भरा, वर्षातून तीनदा.

सोंड्या भुंगा त्याहून वाईट. खोडावर भोक, त्यातून तपकिरी रस आणि चघळलेला चोथा. खोडाला कान लावलात तर आत कुरतडल्याचा आवाज येतो, मी स्वतः ऐकलाय. हा जखमेच्या वासाने येतो. म्हणून चढायला खोडात खाचा पाडू नका, खिळे ठोकू नका. हिरवी झावळी तोडावीच लागली तर देठ खोडाशी न कापता सव्वा मीटर सोडून कापा. शेंडा कलला, आतली सुई, म्हणजे न उघडलेली झावळी, पिवळी पडली की मग उपाय उरत नाही. तो माड तोडून, खोड फोडून आतल्या अळ्या नष्ट करा, नाहीतर शेजारचा माड जाईल.

फणसाबद्दल एक गैरसमज दर वर्षी ऐकतो: "कुयऱ्या काळ्या पडून गळतात, फवारणी सांगा." आधी गळलेली कुयरी, म्हणजे फणसाचा कोवळा फुलोरा, हातात घ्या. बारीक, गुळगुळीत, बारीक देठाची आणि वर पिवळट भुकटी असेल तर ती नर कुयरी. पराग सांडून झाला की तिचं काम संपतं, ती काळी पडून गळणारच. मादी कुयरी जाड देठाची असते, खोडावर किंवा मोठ्या फांदीवर. ती कुजत असेल तरच चिंता. तेव्हा कुजलेल्या कुयऱ्या काढून लांब नेऊन पुरा.

कागदी लिंबाची पानं वळून त्यांवर चांदीसारखी नागमोडी रेघ दिसते, ती नागअळी. पानांवर-फळांवर खरबरीत तपकिरी डाग म्हणजे खैऱ्या रोग. नागअळीने केलेल्या जखमेतून खैऱ्या आत शिरतो, त्यामुळे दोन्ही एकदमच दिसतात. खैऱ्याच्या फांद्या कोरड्या दिवसात छाटून जाळा, आणि वर सांगितलेलं मोरचूद-चुन्याचं मिश्रणच 1 ऐवजी 10 लिटर पाण्यात करून पावसाआधी फवारा. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं आणि ते हललं, तर ती फुलपाखराची अळी. झाड लहान असेल तर वेचून बाजूला करा. मोठ्या झाडाला पाच-दहा अळ्यांनी काही होत नाही, राहू द्या.

शेवग्याच्या खोडावर पावसात सुरवंटांचे पुंजके बसतात. लांब काठीला चिंधी बांधून साबणाच्या पाण्यात ढकला, उघड्या हाताने नको.

आंब्यात अळ्या निघतात ती फळमाशी. झाडाखाली पडलेलं प्रत्येक फळ रोज उचला आणि दोन फूट खोल पुरा, कारण अळ्या फळातून मातीत उतरून कोष करतात. आमच्या इथल्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा मिळतो, तो सावलीत टांगा. त्यात नर माश्या अडकतात, म्हणून फळं लागण्याच्या सुमाराला लवकरच लावा. साका, म्हणजे पिकल्या हापूसच्या आत निघणारा पांढुरका, बेचव गर, वेगळा. तो किडीमुळे होत नाही. हापूस चौदा आणे तयार झाला की उतरवा, झाडावर पिकेपर्यंत थांबू नका. झाडाखालचा पाला जाळण्याऐवजी तिथेच पसरून ठेवा, म्हणजे तापलेल्या जमिनीची झळ फळांना कमी लागते.

बांडगूळ दिसलं की नुसतं ओरबाडू नका. त्याची मुळं फांदीच्या लाकडात असतात, त्यामुळे ते पुन्हा फुटतं. फांदी बारीक असेल तर बांडगुळाच्या वीत-दीड वीत खालून फांदीच कापा. त्याला फळं धरण्याआधी कापा, कारण पक्षी ती खाऊन चिकट बिया पुढच्या फांदीवर पुसतात.

जाड फांदी कापताना एका दमात वरून कापली तर ती पडताना खोडाची साल सोलून नेते. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून तिसरा हिस्सा करवत चालवा, मग थोडं पुढे वरून कापा. फांदी पडल्यावर उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढा. त्या कड्यातूनच नवी साल येऊन जखम झाकते. आणि झाड आपल्याच अंगणात असलं तरी महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत ते तोडायला 1975 च्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 50 वर्षांपुढच्या झाडांसाठी 2021 पासून नियम आणखी कडक आहेत. गावात 1964 चा झाडतोडीचा कायदा आहे. करवत लावण्याआधी अर्ज करा.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझी 12 वर्षांची सहा कलमं आडवी झाली. दोन पूर्ण उपटली होती, ती गेली. चारांची एका बाजूची मुळं अजून जमिनीत होती. त्याच आठवड्यात त्यांचा घेर निम्मा छाटला, उघडी मुळं ओल्या गोणपाटाने झाकली, तुटकी मुळं धारदार कोयतीने साफ कापली. मग खोडाला गोणपाट गुंडाळून त्यावरून दोर बांधला आणि चौघांनी मिळून हळूहळू उभी केली. पूर्ण सरळ करायचा हट्ट धरला नाही, कारण तसं करताना उरलेली मुळं तुटतात. खाली माती दाबून भरली आणि तीन बाजूंनी बांबूचे टेकू दिले. तुमचं झाड असं कललं तर टेकू निदान दोन पावसाळे काढू नका, आणि दर दोन महिन्यांनी दोर सैल करून बांधा.